नव्व्याण्णव म्हणजे इतर

कितीबाईंचं खरं नाव आता दोनच ठिकाणी उरलं होतं: पगाराच्या पावतीवर, आणि नवरा चिडला की त्याच्या तोंडी. बाकी चाळीस गल्ल्यांना त्या कितीबाई. तोंडावर सगळे 'ताई' नाहीतर 'बाई' म्हणत, पाठ वळली की कितीबाई. हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या पाठीलाही कान होते.

दोष त्यांचा नव्हता. संस्थेने ठरवून दिलेल्या बहात्तर प्रश्नांपैकी पन्नासांची सुरुवातच 'किती'ने व्हायची. घरात माणसं किती, कमावती किती, मागच्या सात दिवसांत आजारी किती, दूध किती आणलं, त्यातलं किती नासलं. काखेत काचेची पाटी, म्हणजे संस्थेचा टॅब, डोळ्यांवर मोठ्या भिंगांचा चष्मा आणि चपलेला मागून बांधलेला पट्टा. वीस वर्षं त्या हेच करत होत्या. अभ्यास करणारे बदलत, प्रश्न बदलत. घरं तीच आणि कितीबाई त्याच.

गरिबी कशाने हटते, हा त्या संस्थेचा उद्योग. म्हणजे हटवण्याचा नव्हे, कशाने हटते ते मोजण्याचा. निम्म्या घरांना एखादी गोष्ट द्यायची, निम्म्यांना द्यायची नाही, आणि दोन वर्षांनी दोन्हीकडे जाऊन फरक पडला का ते बघायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण त्यात खोटं काही नाही. दानशूर मंडळी डोळे मिटून पैसे ओततात, त्यापेक्षा डोळे उघडून ओतलेले बरे. मच्छरदाणी फुकट दिली तर लोक जास्त वापरतात की विकत दिली तर, शाळेत गोळी दिली तर पोरं जास्त दिवस येतात का, असल्या प्रश्नांवर भल्याभल्यांची डोकी फुटेपर्यंत भांडणं होतात. त्या भांडणांना लागणारे आकडे कितीबाई पायपीट करून आणून देत.

आणि कसे आणत! प्रश्न जसाच्या तसा वाचायचा. समजावायचा नाही, सुचवायचा नाही, उत्तर ऐकून भुवईसुद्धा वर करायची नाही, हे त्यांना पहिल्याच प्रशिक्षणात शिकवलं होतं. बाकीच्या बायकांनी ते शिकून सोडून दिलं. कितीबाईंनी ते व्रतासारखं धरलं. एकदा पाय प्लास्टरमध्ये टांगून पडलेल्या माणसाला त्यांनी विचारलं होतं, "घरात दुचाकी आहे का?"

"पायाकडे बघा की बाई!"

"आहे की नाही?"

"आहे! गॅरेजात आहे!"

"आहे," कितीबाईंनी लिहिलं आणि पुढचा प्रश्न वाचला, "चालू स्थितीत आहे का?"

तर अशा या बाईंच्या वाट्याला फ्रिजचा अभ्यास आला.

अभ्यास काढला होता एका तरुण डॉक्टरीणबाईने. ही औषधाची डॉक्टर नव्हे, अर्थशास्त्राची. गल्ल्यांना हा फरक पटायला वेळ लागला. पहिल्याच आठवड्यात तिला तिघांनी गुडघे दाखवले. "मी पैशापाण्याची डॉक्टर आहे," असं तिने समजावलं, तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "मग तर आणखीच बरं, तोच आजार जुना आहे." मुलगी मात्र हुशार होती, आणि तिचा मुद्दाही पक्का होता. संध्याकाळी मासळीवालीच्या टोपलीत जे उरतं, त्याचा भाव ती ठरवत नाही, ऊन ठरवतं. गिऱ्हाईकाला ते माहीत असतं. तो मुद्दाम सहा वाजेपर्यंत थांबतो. घरात एक छोटा फ्रिज असला तर तिला 'नको तर नको, उद्या विकीन' म्हणता येईल. आणि असं म्हणता येणं हीच निम्मी श्रीमंती.

घरून विकणाऱ्यांची दोनशे चाळीस घरं निवडली. सगळ्यांच्या चिठ्ठ्या पिंपात घालून ढवळल्या आणि एकशेवीस काढल्या. निघाली त्याला फ्रिज. नाही निघाली त्याने दोन वर्षं थांबायचं. फायदा दिसला तर उरलेले एकशेवीस फ्रिज त्यांचे.

दहीवालीची चिठ्ठी निघाली. तिच्या शेजारच्या मासळीवालीची नाही. दोघींच्या घरांमध्ये भिंत एकच, तीही दीड विटेची; एकीने फोडणी दिली की दुसरीला ठसका लागायचा.

फ्रिज देताना एक कागद होता. 'हा फ्रिज फक्त आपल्या कुटुंबाच्या वापरासाठी आहे. इतरांना वापरू दिल्यास तो परत घेण्यात येईल.' हा कागद कितीबाईंनी एकशेवीस घरांत आपल्या खणखणीत आवाजात दोन-दोनदा वाचून दाखवला. एकशेवीस बायकांनी "हो" म्हणून मान डोलावली, सही केली, आणि चौथ्या दिवशी दहीवालीच्या फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात मासळीवालीचा डबा जाऊन बसला.

पुढच्या खेपेला कितीबाईंनी फ्रिज उघडायला लावला, कारण प्रश्न एकेचाळीस तसा होता: 'सध्या फ्रिजमध्ये काय काय आहे?' उत्तराला खुणा ठरलेल्या: दूध-दही एक, भाजी दोन, मासळी-मांस तीन, औषध चार आणि इतर नव्व्याण्णव. कितीबाईंनी बघितलं. दही होतं: एक. भाजी होती: दोन. मासळी होती: तीन. दारातल्या कप्प्यात समोरच्या मास्तरांचं इन्सुलिन होतं, जे आजवर ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी असायचं: चार. आणि कोपऱ्यावरच्या चहावाल्याचं झाकणाला पोचा असलेलं पातेलं, भाजीवाल्याची सुतळीने बांधलेली पिशवी, कुणाकुणाच्या वाट्या. ही पातेली कुणाची, असा प्रश्न नव्हता. नसलेला प्रश्न विचारायचा नाही. दहीवाली पदराचं टोक चावत उभी होती.

"इतर," कितीबाई म्हणाल्या आणि नव्व्याण्णव दाबलं.

दहीवालीने सुस्कारा टाकला. असे सुस्कारे त्या आठवड्यात त्यांनी पुष्कळ ऐकले.

दोन वर्षं हे असंच चाललं. मासळीवाली मात्र प्रत्येक खेपेला त्यांना दारात अडवायची. "बाई, तुमचे बहात्तर प्रश्न नंतर. माझा एकच आहे. माझा नंबर कधी?"

"अभ्यास संपला की."

"माझा जीव संपायच्या आत संपवा म्हणजे झालं. दुसऱ्याच्या कप्प्यात किती दिवस पाहुणी राहू? रोज बोलणी खाते. माझ्या दह्याला तुझा वास, माझ्या ताकाला तुझा वास! अगं, वास येतो तर नाक धू!"

"तुझ्यामुळे मी डब्याला तीन फडकी बांधते!" भिंतीपलीकडून दहीवालीचा आवाज.

"आणि तुझी मडकी बाजारात कोण नेतं? माझी हातगाडी!"

म्हणजे हिशेब असा होता: हिची मासळी तिच्या फ्रिजात, तिची मडकी हिच्या गाडीवर. दोघींचंही बरं चाललं होतं. दोघी एकमेकींना रोज शिव्या घालत होत्या. घरोघरी मातीच्या चुली, इथे तर चूलही दोघींत एक झाली होती.

मग शेवटची फेरी झाली आणि डॉक्टरीणबाईने आठही सर्वेवाल्यांना संस्थेच्या वरच्या मजल्यावर बोलावलं. पंखा खडखडत होता. भिंतीवर दोन खांबांचं चित्र पडलं होतं. एक हिरवा, एक करडा. दोन्हींची उंची सारखी.

"हिरवी म्हणजे फ्रिज मिळालेली घरं," ती म्हणाली. चेहरा उतरलेला होता, डोळ्यांखाली काळं. "करडी म्हणजे न मिळालेली. नासाडी दोन्हीकडे सारखीच कमी झाली. कमाई दोन्हीकडे सारखीच वाढली. म्हणजे फ्रिजने फरक पडला असं म्हणता येत नाही. भाव सुधारले असतील, रस्ता झाला म्हणून असेल. सोमवारी समितीपुढे मला हेच मांडावं लागेल. उरलेले एकशेवीस फ्रिज रद्द होतील."

आठ जणींनी आठ दिशांना बघितलं.

"एकच मजेशीर गोष्ट सापडली," तिने पुढचं चित्र लावलं. "दूध-दही विकणाऱ्या ज्या घरांना फ्रिज मिळाला, त्यांच्यात मासळी खाण्याचं प्रमाण तिप्पट झालं आहे. म्हणजे आहार सुधारला."

कितीबाई नेमक्या पाणी पीत होत्या. ते नाकात गेलं. दहीवालीने जन्मात मासळीला बोट लावलं नव्हतं. मासळीवालीची सावली ताकावर पडली तरी ती ताक हलवून घ्यायची.

"काय झालं, ताई?"

"ठसका," कितीबाई म्हणाल्या.

"आणि हे 'इतर' म्हणजे काय हो? एकशेवीसपैकी चौऱ्याण्णव घरांत नव्व्याण्णव लागलंय. एवढं इतर म्हणजे आहे तरी काय?"

आठही जणी आता पंख्याकडे बघू लागल्या. त्या पंख्याकडे इतक्या जणींनी एकदम बघण्यासारखं काही नव्हतं.

घरी आल्यावर कितीबाईंनी पिशवी आपटली. नवरा खिडकीशी भिंग डोळ्याला लावून एका मनगटी घड्याळाची आतडी काढून बसला होता. आयुष्यभर त्याने घड्याळं दुरुस्त केली, आता निवृत्तीनंतर जे सापडेल ते दुरुस्त करत होता. घरचा फ्रिज त्याने आठ महिन्यांपूर्वी स्वतःच उघडला होता. तेव्हापासून त्यात जुनी वर्तमानपत्रं राहत होती.

कितीबाईंनी सगळं सांगितलं.

"मग सांगून टाक की तिला," तो भिंग न काढता म्हणाला. "पातेली शेजाऱ्यांची आहेत म्हणावं."

"आणि कागदाचं काय? इतरांना वापरू दिल्यास परत घेणार. मीच वाचलाय तो, दोनदा. उद्या फ्रिज उचलून नेला तर मास्तरांची सुई कुठे ठेवायची? माठात?"

"मग नको सांगू."

"आणि न सांगितलं तर सोमवारी लिहितील, फ्रिज बिनकामाचे! त्या मासळीवालीला दोन वर्षं सांगतेय मी, थांब, थांब. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झालीये माझी."

नवऱ्याने भिंग काढलं. "हे बघ. घड्याळ बंद पडलं की गिऱ्हाईक म्हणतं, सेल गेला. बाहेरून बघून सगळे तेच म्हणतात. उघडून दाखवल्याशिवाय पटत नाही."

"तुम्ही उघडलेल्या फ्रिजचं काय झालं ते दिसतंय."

"तो वेगळा विषय आहे," तो मानाने म्हणाला. "डोळ्यांत थेंब घातलेस का? डॉक्टरांनी तीनदा सांगितलेत."

"घातले दुपारी."

"बाटली दिसत नाही कुठे."

"असेल कुठेतरी थंड जागी," कितीबाई म्हणाल्या आणि भांडी घासायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या पाटी न घेता गल्लीत गेल्या. हे पाहूनच मासळीवाली घाबरली. "बाई, मोकळ्या हाताने? कोण गेलं?"

"कोणी नाही. दोघी बसा. मास्तरांनाही बोलवा."

मास्तर आले, दहीवालीच्या उंबऱ्यावर बसले. कितीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा प्रश्न न वाचता बोलायला सुरुवात केली, म्हणून त्या जरा अडखळल्या. पण सांगितलं सगळं: दोन खांब, सारखी उंची, सोमवार, समिती.

"म्हणजे माझा फ्रिज गेला," मासळीवाली म्हणाली. "दोन वर्षं थांबवून ठेंगा!"

"आणि खरं सांगितलं तर माझा जाईल," दहीवाली म्हणाली. "मी सही केलीय. कितीबाई, म्हणजे ताई, तुम्ही काही बोलू नका. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"तुझी मूठ झाकलेली, माझी रिकामी! वा गं!"

"तुला कप्पा दिलाय ना?"

"कप्पा दिलाय! उपकार सांगते! उद्या तुझी सून आली आणि म्हणाली काढा डबा, तर मी कुठे जाऊ?"

कितीबाईंनी घसा खाकरला. "आणखी एक आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय की तुमच्या घरी मासळी खातात."

"कुणाच्या?"

"तुमच्या. म्हणजे दहीवाल्यांच्या सगळ्याच घरांत. तिपटीने वाढलं म्हणे."

क्षणभर गल्लीत माशीसुद्धा थांबली. मग दहीवाली उभी राहिली. "माझ्या घरी? मासळी? हे छापणार आहेत?"

"छापणार आहेत."

"माझं गिऱ्हाईक माझ्या हातचं दही नेतं ते काय म्हणून? कोणी लिहिलं हे?"

"तसं म्हटलं तर मीच," कितीबाई म्हणाल्या. "तीन नंबर दाबला. फ्रिजमध्ये मासळी होती. कुणाची, ते कोणी विचारलं नाही."

मास्तर हसायला लागले ते थांबेनात. मासळीवाली तर भिंतीला टेकून डोळे पुसत होती. दहीवाली मात्र रागाने लालबुंद झाली होती.

मास्तर हसू आवरून म्हणाले, "माझ्या सुयांची काळजी करू नका. साठ वर्षं फ्रिजशिवाय काढली, पुढचीही माठावर निघतील. पण चुकीचं उत्तर फळ्यावर राहिलेलं मला बघवत नाही. ती सवय गेली नाही."

"नेतील तर नेऊ देत!" दहीवाली म्हणाली. "पण माझ्या नावावर मासळी नको. आणा त्या डॉक्टरीणबाईला. माझ्यासमोर उघडू दे तो फ्रिज."

फ्रिज गेला तरी चालेल, नाव जाता कामा नये. माणसं नेहमी फायद्याचंच बघतात असं मानणाऱ्या विद्वानांनी या गल्लीत एक दुपार काढावी.

शनिवारी कितीबाई डॉक्टरीणबाईला घेऊन आल्या. काय दाखवायचंय ते सांगितलं नव्हतं, फक्त म्हणाल्या, "फेरतपासणी आहे. प्रश्न एकेचाळीस." दहीवालीने फ्रिजचं दार सताड उघडलं आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

वर बर्फाच्या कप्प्यात तीन फडक्यांत गुंडाळलेला डबा. त्याखाली दह्याची मडकी, एकाला एक चिकटून. त्याखालच्या कप्प्यावर मधोमध लाल दोरा ताणलेला. दोऱ्याच्या डावीकडे चहावाल्याचं पातेलं, उजवीकडे भाजीवाल्याची पिशवी. दारात इन्सुलिनचा खोका, त्यावर मास्तरांच्या वळणदार अक्षरात 'हात लावू नये'. शेजारी एक छोटी बाटली.

"एवढं सगळं तुमचं?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"डबा माझा," मासळीवाली मागून म्हणाली. "आणि मी करडी. म्हणजे तुमच्या त्या खांबातली."

डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत राहिली. मग एकेका भांड्याकडे बोट दाखवत गेली आणि एकेक मालक पुढे येत गेला. चहावाला तर खांद्यावरचं फडकं तसंच ठेवून धावत आला. त्याला वाटलं, पातेलं जप्त होतंय. मास्तर सोडले तर ते सगळे करडे होते.

"आणि ही बाटली? डोळ्यांचे थेंब?"

"मास्तरांचेच असतील," मासळीवाली म्हणाली आणि कितीबाईंकडे बघितलं. मास्तरांनी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. कितीबाई पदराने चष्मा पुसत होत्या.

डॉक्टरीणबाई दहीवालीच्या स्टुलावर बसली. "मी घर-घर मोजलं," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "जणू प्रत्येक घराभोवती समुद्र आहे. करड्यांना फ्रिज मिळाला नाही असं धरलं, आणि त्यांना तो मिळालेला होता. एक कप्पा का होईना." मग एकदम मान वर करून ती म्हणाली, "ताई, तुम्हाला दोन वर्षं माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं नाही. आणि तुम्हीच शिकवलंत, प्रश्नाबाहेर बोलायचं नाही." कितीबाई थांबल्या. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, अर्धं खरं बोलणंही जमेना. "आणि भीती वाटली. तुमच्या कागदाची. मास्तरांची सुई आहे आत."

डॉक्टरीणबाईने तोंड ओंजळीत लपवलं. रडते की काय असं वाटलं, आणि मग जी हसत सुटली, ती मास्तरांवरही ताण. "तिप्पट मासळी!" ती म्हणाली. "देवा! मी त्यावर दीड पान लिहिलंय!"

"ते आधी फाडा," दहीवाली म्हणाली.

मग मुलगी कामाला लागली. एकदा हसून झालं की हिचं डोकं चालायचं, हे कितीबाईंच्या ध्यानात आलं. तिने विचारलं, "असं एखादं ठिकाण आहे का, जिथे आख्ख्या गल्लीत एकही चिठ्ठी निघाली नाही?"

कितीबाईंना विचार करावा लागला नाही. "ओढ्यापलीकडच्या तीन गल्ल्या. नऊ घरं. एकाचीही निघाली नव्हती. मला शिव्या खाव्या लागल्या होत्या तिथे."

रविवारभर दोघींनी त्या नऊ घरांचे आकडे वेगळे काढले. तिथे नासाडी जशीच्या तशी होती. तिथला करडा खांब बुटका निघाला.

"मग झालं की!" कितीबाई म्हणाल्या.

"नाही झालं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "त्या गल्ल्या बाजारापासून लांब आहेत. कदाचित त्यामुळेही असेल. मला हवं ते उत्तर सापडेपर्यंत मी आकडे उलटेपालटे केले, असं कोणीही म्हणेल, आणि ते चूक नसेल. पण 'फरक नाही' हे लिहिणं तर नक्कीच खोटं ठरेल. आपल्याला माहीत नाही, एवढंच खरं आहे." दोन वर्षांची मेहनत, आणि उत्तर 'माहीत नाही'. हे तोंडाने म्हणायला छाती लागते. कितीबाईंना त्या दिवशी ती मुलगी आवडली.

सोमवारी समितीपुढे तिने ते तसंच म्हटलं. चुका स्वतःच्या, सगळ्या, एकामागून एक. कितीबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. समितीत पाच जण होते. त्यांतल्या सगळ्यात जाड फाइलवाल्याने विचारलं, "सर्वे करणाऱ्यांनी हे लिहिलं कसं नाही?"

"लिहिलं होतं," कितीबाई उभ्या राहिल्या. "चौऱ्याण्णव घरांत. नव्व्याण्णव म्हणजे इतर. इतर म्हणजे काय, ते दोन वर्षांत कुणी विचारलं नाही. मी आपण होऊन सांगायला हवं होतं. ती चूक माझी."

"पण हा तर करारभंग झाला," फाइलवाले म्हणाले. "कागदाप्रमाणे फ्रिज परत घ्यावे लागतील."

कितीबाईंच्या हातातली पर्स निसटली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाली, "घेऊ या ना. फक्त एक बघा. आपण एका फ्रिजचा खर्च एका घरावर मांडला होता. तो फ्रिज चालवतोय पाच घरं. कागद मोडला म्हणून आपली मदत पाचपट झाली, तीही फुकट. कागद पाळला असता तर चार घरं उपाशी... म्हणजे गरम राहिली असती."

समितीत जरा हालचाल झाली. पाचपट आणि फुकट हे दोन शब्द एका वाक्यात आले की असल्या माणसांच्या डोळ्यांत चमक येते. फाइलवाल्यांनी चष्मा चढवला. पंधरा मिनिटांनी ते स्वतःच सगळ्यांना समजावत होते की वाटून वापरणं ही कल्पना त्यांच्या मनात पहिल्यापासूनच होती. अट रद्द झाली. एकशेवीस फ्रिज रद्द झाले नाहीत. या वेळी चिठ्ठ्या घरांच्या नव्हे, गल्ल्यांच्या काढायच्या. ज्या गल्लीत एकही फ्रिज नाही, अशाच गल्ल्या, आजूबाजूच्या नव्या वस्त्यांतल्याही, पिंपात घालायच्या.

पायऱ्या उतरताना कितीबाई चौथ्या पायरीवर थांबल्या. फ्रिज नाही अशा गल्ल्या. म्हणजे मासळीवालीची गल्ली पिंपातच नाही. तिच्या गल्लीत एक आहे.

हे सांगायला त्या स्वतः गेल्या. दुसऱ्या कोणावर ढकलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

मासळीवालीने सगळं ऐकून घेतलं. हातातली सुरी खाली ठेवली. "म्हणजे खोटं चाललं होतं तेव्हा मला मिळणार होता. खरं सांगितलं म्हणून गेला."

"खोटं चाललं असतं तर कुणालाच मिळाला नसता."

"हे डोक्याला कळतं, बाई. टोपलीला कळत नाही." तिने सुरी पुन्हा उचलून एक मासा साफ केला. मग भिंतीकडे तोंड करून ओरडली, "ऐकलंस का गं? फ्रिज आता तुझा एकटीचा नाही! अट गेली! गल्लीचा आहे! उद्यापासून मधला अर्धा कप्पा माझा!"

"ये तर खरी, बघते कशी ठेवतेस!" पलीकडून आवाज आला. आणि थोड्या वेळाने, जरा खालच्या पट्टीत: "डावीकडचा घे. उजवीकडे मडकी आहेत. आणि सुनेचं मनात आणू नकोस, तिला मी सांगीन."

तीन महिन्यांनी नवी फेरी सुरू झाली. ओढ्यापलीकडच्या तीनपैकी दोन गल्ल्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या होत्या आणि तिथे आता कितीबाईंना बसायला पाट मिळत होता. पाटीवर प्रश्न एकेचाळीस तोच होता, पण त्याखाली एक नवा आला होता. त्याची शब्दरचना डॉक्टरीणबाईने कितीबाईंवर सोपवली होती, आणि वीस वर्षं दुसऱ्यांचे प्रश्न वाचणाऱ्या बाईंनी आठ दिवस लावून तो बनवला होता. अर्थात त्याची सुरुवातही 'किती'नेच होत होती.

जुन्या घरांचीही एक फेरी होती. दहीवालीच्या दारात त्यांनी चप्पल काढली, चष्मा सरळ केला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "किती घरांचं सामान या फ्रिजमध्ये असतं, तुमचं घर सोडून?"

"चार," दहीवाली म्हणाली. "ही बया, मास्तर, चहावाला आणि भाजीवाला."

कितीबाईंचं बोट पाटीवर टेकणार, एवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"पाच! खरं सांगायची पद्धत पडलीये ना आता? मग पाच! बाई, तुमच्या डोळ्यांच्या थेंबांना गेल्या उन्हाळ्यापासून दाराच्या कप्प्यात मीच जागा करून दिलीय!"

दहीवालीने पदर तोंडाला लावला. मास्तर समोरच्या ओट्यावर वर्तमानपत्रामागे हलत होते.

उत्तर ऐकून भुवई वर करायची नाही, हे कितीबाईंना वीस वर्षं पाठ होतं. त्यांनी भुवई वर केली नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या.

"पाच," त्या म्हणाल्या, आणि पाच दाबलं. मग फ्रिज उघडून बाटली काढली, दोन्ही डोळ्यांत दोन-दोन थेंब घातले, बाटली होती तिथे परत ठेवली आणि पुढचा प्रश्न वाचला.